गुणोत्तराचे गणित आणि नागरिकाचे भान

६ जून १९६६ रोजी भारत सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. त्या दिवसापर्यंत एका अमेरिकन डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत. अवमूल्यनानंतर ७ रुपये ५० पैसे पडू लागले. सरकारी भाषेत हे अवमूल्यन ३६.५ टक्क्यांचे होते. परंतु परदेशाहून यंत्रसामग्री मागविणाऱ्या कारखानदाराने आपला हिशेब मांडला असता त्याला डॉलर ५७.५ टक्क्यांनी महागलेला दिसला. निर्णय एक, दिवस एक, आणि आकडे मात्र दोन. यांपैकी खरा कोणता?

दोन्ही खरे. पूर्वी एका रुपयाला सुमारे २१ सेंट मिळत, ते आता सव्वातेरा सेंटांच्या आसपास मिळू लागले. म्हणजे रुपयाचे मोल ३६.५ टक्क्यांनी उतरले. उलटपक्षी, ज्या डॉलरला पावणेपाच रुपये मोजावे लागत त्याला साडेसात मोजावे लागले. म्हणजे डॉलर ५७.५ टक्क्यांनी चढला. पहिल्या आकड्यात रुपयाचे मोल डॉलरमध्ये मोजले आहे, दुसऱ्यात डॉलरचे मोल रुपयांत. ज्याला धक्का सौम्य भासवावयाचा आहे तो पहिला आकडा सांगेल. ज्याला तो तीव्र भासवावयाचा आहे तो दुसरा सांगेल. दोघांपैकी कोणीही खोटे बोलणार नाही. सामान्य वाचक मात्र या दोन सत्यांच्या मध्ये गोंधळून उभा राहील.

या दोन आकड्यांना जोडणारे सूत्र अर्थशास्त्राच्या कोणत्याही गहन ग्रंथात दडलेले नाही. ते सहावी ते आठवीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात आहे. एका संख्येची दुसऱ्या संख्येशी तुलना म्हणजे गुणोत्तर. आणि अंश व छेद यांची अदलाबदल केली असता मिळते ती संख्या म्हणजे मूळ संख्येचा व्यस्त. इतकी साधी ही बाब. परंतु सार्वजनिक जीवनातील बहुतेक सर्व आकडे आज गुणोत्तरांच्या रूपानेच नागरिकापुढे येतात : दरडोई उत्पन्न, महागाईचा निर्देशांक, चलनाचा विनिमयदर, दर शिक्षकामागे विद्यार्थी, दर हजार मुलांमागे मुली. प्रत्येक ठिकाणी कशाला कशाने भागावयाचे हे आधीच कोणीतरी ठरविलेले असते. तो भागाकार उलटा करून पाहण्याची सवय ज्याला शाळेने लावली नाही, तो सुशिक्षित असूनही आकडे मांडणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो. शालेय गणितातील एक धडा हा म्हणूनच केवळ शिक्षकांच्या कृतिसत्रातील विषय राहत नाही. तो लोकशाहीच्या व्यवहाराशी येऊन भिडतो.

भागाकार येतो, पण कशाला कशाने?

ग्रामीण भागातील मुलांच्या वाचनाची व गणितातील प्रगतीची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालाने २०२४ साली नोंदविले की, आठवीतील ४५.८ टक्के मुलांना भागाकाराचे साधे उदाहरण सोडविता आले. अर्ध्याहून अधिक मुले आठवीपर्यंत येऊनही भागाकारापाशी अडखळतात, ही गोष्ट गंभीर आहेच, आणि तिची चर्चाही होते. परंतु त्याच पाहणीच्या २०१८ च्या अहवालातील एक तपशील अधिक विचार करावयास लावणारा आहे. त्या वर्षी १४ ते १६ वयाच्या मुलांना व्यवहारातील काही प्रश्न विचारले गेले. अमुक इतके लिटर पाणी शुद्ध करावयास इतक्या गोळ्या लागतात, तर त्याहून अधिक पाण्यास किती लागतील, असा त्यांपैकी एक. ज्यांना भागाकार येतो हे आधी पडताळून पाहिले होते, अशा मुलांपैकीही जेमतेम निम्म्यांनाच याचे उत्तर बरोबर देता आले. वस्तूवरील सवलत वजा जाता किती पैसे द्यावयाचे, या प्रश्नाचे बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण तर तीस टक्क्यांहूनही कमी होते.

याचा अर्थ काय? या मुलांना भागाकाराची क्रिया येत होती. भाज्य आणि भाजक आयते मांडून दिले असते, तर त्यांनी उत्तर काढले असते. अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर होती. कशाला कशाने भागावयाचे, आणि भागून आलेली संख्या कशाची द्योतक आहे, हे ठरविण्याचे काम त्यांच्यावर पडले आणि तेथे ती थबकली. शाळेने क्रिया शिकविली. निवड शिकविली नाही. व्यवहारात क्रिया यंत्र करते. निवड माणसालाच करावी लागते.

वर्गात नेमके काय घडते?

गुणोत्तराच्या वाटेवर मुले कोठे घसरतात, हे अनुभवी शिक्षकांस ठाऊक आहे. दोन वाट्या तांदळास तीन वाट्या पाणी लागते, तर चार वाट्या तांदळास किती, असे विचारले की अनेक मुले ‘पाच’ असे उत्तर देतात. तांदूळ दोनने वाढला, म्हणून पाणीही दोनने वाढविले, हा त्यांचा तर्क. तो अगदीच निर्बुद्ध नाही. पहिल्या इयत्तेपासून ज्या बेरीज-वजाबाकीने त्यांना यश दिले, तिचाच तो विस्तार आहे. परंतु गुणोत्तर हे फरकाने मोजले जात नाही, पटीने मोजले जाते. आणि बेरजेच्या जगातून पटीच्या जगात होणारे हे स्थित्यंतर माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरील सर्वांत मोठे बौद्धिक स्थित्यंतर आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांच्या विचारशक्तीच्या वाढीचा अभ्यास करताना प्रमाणविषयक विचारास प्रौढ तर्काच्या खुणांमध्ये स्थान दिले, ते उगीच नव्हे. ते स्थित्यंतर एका प्रकरणात, आठ-दहा तासिकांत उरकावयाचे, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

दुसरी घसरण भाग आणि पूर्ण यांच्या गल्लतीची. इडलीच्या पिठात उडीद डाळ आणि तांदूळ यांचे गुणोत्तर १:३ असेल, तर मिश्रणात डाळ किती? ‘एक तृतीयांश’ हे उत्तर ओठावर येते. खरे उत्तर एक चतुर्थांश आहे. डाळीची तुलना तांदळाशी करावयाची की एकंदर मिश्रणाशी, हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

तिसरी घसरण सर्वांत खोल आहे, आणि ती व्यस्ताच्या संदर्भातील आहे. अपूर्णांकाने भागावयाचे झाल्यास ‘दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा’, हा मंत्र पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पाठ केला आहे. उलटा का करावयाचा, असे विचारण्याची प्रथा नाही. पहिल्याऐवजी दुसराच का उलटवावयाचा, हेही बहुधा अनुत्तरितच राहते. परीक्षेनंतर महिन्याभरात मंत्र विसरला जातो, किंवा दोन्ही अपूर्णांक उलटे होतात.

वस्तुतः त्यामागील अर्थ किराणा दुकानातील नोकरासही अवगत असतो. एक किलो साखरेच्या पावकिलोच्या पुड्या किती? चार. पावाचा व्यस्त चार, तो हाच. अर्धा किलोच्या पुड्या दोन. अर्ध्याचा व्यस्त दोन. आता पुडी पाऊण किलोची करावयाची असेल, तर एका किलोत एक पुडी पूर्ण होईल आणि पाव किलो साखर उरेल. हा पाव म्हणजे पाऊण किलोच्या पुडीचा तिसरा हिस्सा. म्हणून एका किलोत एक पूर्णांक एक तृतीयांश, म्हणजेच चार तृतीयांश पुड्या. आणि पाऊण म्हणजे तीन चतुर्थांशचा व्यस्त नेमका हाच. मग सहा किलो साखरेच्या पुड्या किती? सहास चार तृतीयांशने गुणावे, आठ पुड्या. संख्येचा व्यस्त म्हणजे त्या मापाची एका एककात किती मापे बसतात त्याचे उत्तर. इतके मुलाच्या मनात ठसले, तर अंश-छेद उलटविणे हा हातचलाखीचा प्रयोग राहत नाही. माप लहान झाले की मोजणीचा आकडा मोठा होतो, हे त्यास कायमचे उमगते.

पावकी-निमकीचा वारसा

महाराष्ट्रातील जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेतली जात असे. सोळा आण्यांचा रुपया आणि शेर-पावशेरांचा बाजार होता, तोवर त्या पाढ्यांवाचून व्यवहार अडत असे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणेपद्धती आली, पाठोपाठ दशमान वजनमापे आली, आणि हे पाढे हळूहळू शाळेबाहेर गेले. दशमान पद्धतीने हिशेब सुलभ केला, यात शंका नाही. मात्र त्या सुलभतेबरोबर अपूर्णांक ही एक स्वतंत्र, ओळखीची संख्या आहे, हे भानही काही अंशी हरपले. जुन्या मुलास ‘औट’ म्हटले की साडेतीन हा आकडा साक्षात दिसे. नव्या मुलास सात छेद दोन हे केवळ एक अपुरे राहिलेले गणित वाटते.

अर्थात त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या वेळी शाळेची पायरी चढणारी मुलेच थोडी होती, मुली तर त्याहूनही थोड्या; आणि घोकंपट्टीने अर्थ कळत असे, असेही नव्हे. परंतु व्यस्ताचा विचार या भूमीस परका नाही, एवढे ध्यानी घेणे उचित ठरेल. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त त्रैराशिकापाठोपाठ व्यस्त त्रैराशिक येते. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. ‘लीलावती’तील व्यस्त त्रैराशिकाचे एक उदाहरण असे : धान्याची रास सात आढकांच्या मापाने मोजली असता शंभर मापे भरली, तीच रास पाच आढकांच्या मापाने मोजल्यास किती भरतील? उत्तर, एकशे चाळीस. रास तीच आहे, धान्याचा एक दाणाही वाढलेला नाही. माप लहान झाले म्हणून आकडा वाढला.

हे उदाहरण पुन्हा एकदा सावकाश पाहण्याजोगे आहे. माप सातावरून पाचावर आले, म्हणजे ते सुमारे २८.६ टक्क्यांनी घटले. मोजणी शंभरावरून एकशे चाळिसावर गेली, म्हणजे ती ४० टक्क्यांनी वाढली. १९६६ च्या अवमूल्यनातील ३६.५ आणि ५७.५ या आकड्यांचे रहस्य याहून निराळे नाही. रुपया हेही एक मापच आहे, आणि महागाई म्हणजे त्या मापाचे आक्रसणे होय.

वेतन, पुडी आणि पट

या आक्रसण्याची झळ पगारदारास प्रथम लागते. समजा, काही काळात निर्देशांक १०० वरून १२५ वर गेला. किंमती २५ टक्क्यांनी वाढल्या. परंतु १२५ चा व्यस्त घेता रुपयाची क्रयशक्ती ८० पैशांवर आली, म्हणजे २० टक्क्यांनी घटली. आता वाटाघाटीच्या मेजावर कोणी म्हणाले, ‘रुपयाचे मोल २० टक्क्यांनी उतरले आहे ना? मग वेतनातही २० टक्के वाढ घ्या,’ तर ते वरकरणी न्याय्य वाटेल. प्रत्यक्षात ज्याचे वेतन १०० होते त्याला १२० मिळतील. पूर्वीइतकाच माल घ्यावयास मात्र १२५ लागतील. त्याचे वास्तव वेतन ४ टक्क्यांनी कमी झालेले असेल, आणि आपले काय गेले हे त्याला कळणारही नाही. घटलेल्या टक्क्यांइतकेच टक्के वाढवून मूळ स्थिती परत येत नाही, हे ज्यास सातवीतच उमगले त्याला कोणत्याही संघटनेच्या पत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.

बाजारातही तेच. दहा रुपयांची शंभर ग्रॅमची पुडी त्याच किमतीला ऐंशी ग्रॅमची झाली, तर ग्राहक म्हणतो, ‘वीस टक्के माल कमी केला.’ खरे, पण दर ग्रॅममागे दहा पैसे पडत होते, ते साडेबारा पैसे झाले. भाववाढ २५ टक्क्यांची आहे. वेष्टनबंद मालावर एककाची किंमतही छापावी, असा नियम केंद्र सरकारने २०२१ साली अधिसूचित केला, तो अशाच तुलनेसाठी. नियमाने गुणोत्तर छापले जाते. ते वाचण्याची जाण नियमाने येत नाही.

याहून गंभीर उदाहरण शाळांचेच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर दर तीस मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर दर पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हे मान घालून दिले. तालुक्याची किंवा जिल्ह्याची सरासरी या मानाच्या आसपास असली की सर्व काही ठीक आहे, असे अहवाल सांगतात. कल्पना करावी की, दोनच शाळा आहेत. एका वस्तीशाळेत १० मुले व २ शिक्षक. दुसऱ्या शाळेत १२० मुले व २ शिक्षक. एकूण १३० मुले, ४ शिक्षक, गुणोत्तर साडेबत्तीस. कागदावर चित्र फारसे वाईट नाही. परंतु हाच प्रश्न मुलांच्या बाजूने विचारावा. १३० पैकी १२० मुले अशा शाळेत बसली आहेत, जेथे एका शिक्षकामागे साठ मुले आहेत. मुलाच्या वाट्यास येणारी सरासरी स्थिती साडेबत्तिसाची नसून जवळजवळ छप्पनची आहे. शिक्षकांवर काढलेली सरासरी आणि मुलांवर काढलेली सरासरी या दोन भिन्न गोष्टी आहेत. कमी पटाच्या शाळांचे भवितव्य आणि शिक्षकांचे समायोजन यांवर महाराष्ट्रात गेली काही वर्षे वाद झडत आले आहेत. त्यांतील बराचसा आवेश सरासरी कोणावर काढली हे न विचारता खर्ची पडला आहे.

हजारामागे किती?

गुणोत्तराची दिशा केवढे नैतिक वजन वाहू शकते, हे लिंगगुणोत्तरात दिसते. भारतात ते दर हजार पुरुषांमागे स्त्रिया असे मांडले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या प्रकाशनांत दर शंभर स्त्रियांमागे पुरुष असे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली आढळल्या. हा आकडा उलटविला, तर शंभर मुलींमागे सुमारे १२४ मुलगे होतात. पहिल्या मांडणीत न जन्मलेल्या मुलींची उणीव दिसते. दुसऱ्या मांडणीत मुलग्यांचे आधिक्य दिसते. दोन्ही एकाच वास्तवाची रूपे आहेत.

परंतु यात एक सूक्ष्म धोका आहे. हजार हा आकडा समोर असला की वाचक नकळत धरून चालतो की, निसर्गतः हजारास हजारच असावयाचे. तसे नसते. जन्माच्या वेळी दर शंभर मुलींमागे सुमारे १०५ मुलगे असतात, असा जगभरचा सर्वसाधारण अनुभव आहे. याचा व्यस्त घेतला असता हजार मुलग्यांमागे सुमारे ९५२ मुली येतात. तुलनेची खरी रेषा ही आहे. ती ठाऊक नसेल, तर एखाद्या जिल्ह्यात ९५० हा आकडा आला असता विनाकारण आक्रोश होईल; आणि ८०७ पाहून ‘सगळीकडे थोडे कमीच असते’ असे म्हणून खांदे उडविले जातील. पहिली चूक अज्ञानाची, दुसरी अपराधाकडे डोळेझाक करणारी. दोहोंचे मूळ मात्र एकच : गुणोत्तर कशाशी ताडून पाहावयाचे, हे न कळणे.

आक्षेप आणि उत्तर

यावर म्हटले जाईल की, हे सर्व अभ्यासक्रमात आहेच. गुणोत्तर आहे, समप्रमाण-व्यस्तप्रमाण आहे, चलन आहे, शेकडेवारी आहे. आहे, हे खरे. पण ते ज्या रीतीने आहे त्या रीतीने विचारास वाव उरत नाही. ‘व्यस्तप्रमाण’ असे प्रकरणाचे शीर्षक असते आणि त्याखालील सर्व उदाहरणे व्यस्तप्रमाणाचीच असतात. विद्यार्थ्यास निवड करावीच लागत नाही. शीर्षकानेच उत्तर फोडलेले असते. बारा मजुरांना एका कामास पंधरा दिवस लागतात, तर अठरा मजुरांना किती, हे उदाहरण त्या प्रकरणात तो बरोबर सोडवितो; तेच अन्यत्र आले की साडेबावीस दिवस असे उत्तर बिनदिक्कत देतो. मजूर वाढले आणि दिवसही वाढले, यातील विसंगती त्यास खटकत नाही. उलट, एक गायक एक गीत पाच मिनिटांत म्हणतो, तर पाच गायक मिळून ते किती वेळात म्हणतील, असे विचारले तर तो एक मिनिट म्हणावयासही कचरत नाही.

दुसरा आक्षेप यंत्राचा. प्रत्येकाच्या खिशात गणकयंत्र असलेला फोन असताना हा खटाटोप कशाला? याचे उत्तर २०१८ च्या पाहणीतच आहे. यंत्र भागाकार करते, ४.७६ ला ७.५० ने भागावयाचे की ७.५० ला ४.७६ ने, हे ते सांगत नाही. जितकी क्रिया यंत्राकडे गेली, तितकी निवडीची जबाबदारी माणसावर अधिक पडली.

तिसरा आक्षेप शिक्षकांच्या बाजूचा आहे आणि तो डावलून चालणार नाही. भरलेले वर्ग, निवडणुका व जनगणनेपासून निरनिराळ्या माहितीच्या तक्त्यांपर्यंतची अशैक्षणिक कामे, आणि गणित हा ज्यांचा विषय नाही अशांवर येऊन पडलेले गणिताचे अध्यापन, या परिस्थितीत मंत्र सांगून मोकळे होणे हा शिक्षकाचा आळस म्हणता येणार नाही. तो त्याचा नाइलाज आहे. सुधारणा सुचविताना हे भान सुटता कामा नये. ज्या सूचनेने शिक्षकाचे काम दुप्पट होते, ती परिपत्रकातच राहते.

काय करता येईल?

सुदैवाने आवश्यक ते बदल खर्चिक नाहीत. पहिला, गुणोत्तराचे प्रत्येक उदाहरण दोन्ही बाजूंनी वाचून घ्यावे. बस एका लिटर डिझेलमध्ये पाच किलोमीटर जाते, हे वाक्य फळ्यावर आले की त्याखाली ‘एका किलोमीटरला एक पंचमांश लिटर’ हेही यावे. दोन वाक्यांत वस्तुस्थिती एकच आहे. प्रश्न दोन आहेत. यास प्रत्येक उदाहरणामागे अर्धे मिनिट लागते.

दुसरा, उत्तराचे एकक लिहिल्यावाचून उत्तर पुरे मानू नये. ‘रुपये’ आणि ‘दर किलोस रुपये’ यांतील भेद ज्या मुलाने लिहिला, त्याने अर्धी लढाई जिंकली. तिसरा, सरावसंचात समप्रमाण, व्यस्तप्रमाण आणि यांपैकी काहीच लागू नाही अशी उदाहरणे एकत्र मिसळावीत, आणि उत्तराआधी ‘वाढेल की घटेल’ हे एका शब्दात लिहावयास सांगावे. परीक्षेत त्या एका शब्दासही गुण असावेत. कारण परीक्षेत ज्यास गुण नाहीत ते वर्गात शिकविले जात नाही, हे कटू असले तरी सत्य आहे.

चौथा, हे ओझे एकट्या गणिताच्या शिक्षकावर टाकू नये. भूगोलाच्या तासाला एकास पन्नास हजार आणि एकास दहा लाख या प्रमाणांचे नकाशे शेजारी ठेवावेत. छेद मोठा झाला की तपशील कसा लहान होतो, हे डोळ्यांनीच दिसते. विज्ञानाच्या तासाला घनता आहे, नागरिकशास्त्राच्या तासाला मतदानाची टक्केवारी आहे. आणि आठवीच्या वर्गात आठवड्यातून एकदा दैनिकातील एखादी बातमी घेऊन त्यातील आकडा कशाचा कशाशी आहे, एवढेच विचारावे. त्यासाठी नवे पाठ्यपुस्तक लागत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मूलभूत साक्षरता व संख्याज्ञान यांवर भर दिला, तो रास्तच आहे. परंतु प्राथमिक इयत्तांतील संख्याज्ञान ही पहिली मजल झाली. ती गाठल्यावर पुढे जावयाचे कोठे, याचे उत्तर सहावी ते आठवीच्या वर्गांत द्यावे लागेल. आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तर तीच अखेरची संधी होय. पुढे तो हप्त्याने वस्तू घेईल, मजुरीचा दर ठरवील, गावच्या अंदाजपत्रकावर हात वर करील, मत देईल. त्या प्रत्येक प्रसंगी त्याच्यापुढे कोणीतरी एक गुणोत्तर ठेवील, आणि ते ठेवणाऱ्याने अंश कोणता व छेद कोणता हे आपल्या सोयीने ठरविलेले असेल.

तो आकडा उलटवून पाहण्याची सवय मोठ्या वयात व्याख्याने ऐकून लागत नाही. ती पावकिलोच्या पुड्या मोजताना, बाराव्या-तेराव्या वर्षी लागते. आणि ते वय ओलांडून गेलेल्या मुलास ती लावण्याची तजवीज कोणत्याही खात्याकडे नाही.